एक माणूस वाढवला की तारीख का हलते? टास्क टाइपमागचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये दहा दिवसांची तीन कामं होती, प्रत्येकावर एक माणूस नेमलेला. प्रत्येक कामावर आणखी एक माणूस नेमला. पहिल्या कामाचे दहा दिवस पाच झाले. दुसऱ्याचे दिवस दहाच राहिले, पण खर्च दुप्पट झाला. तिसऱ्यात दिवसही तेच, एकूण तासही तेच, फक्त दोघांच्या नावापुढे ५० टक्के दिसायला लागलं. सॉफ्टवेअर बिघडलंय का, आणि नक्की कोणता टास्क टाइप ठेवायचा?

सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण तिन्ही कामांच्या सेटिंगमध्ये तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. बहुधा नकळत. मी बरीच वर्षं प्लॅनिंग करतो आणि शिकवतो. या एका विषयावर लोक जितके अडखळतात तितके क्रिटिकल पाथवरही, म्हणजे प्रकल्पाची शेवटची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीवरही, अडखळत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा खेळ एका समीकरणाचा आहे: वर्क = ड्युरेशन × युनिट्स. ड्युरेशन म्हणजे कामाचे दिवस, सुट्ट्या वगळून. वर्क म्हणजे माणसांचे एकूण तास. युनिट्स म्हणजे नेमलेला माणूस आपल्या दिवसाचा किती हिस्सा या कामाला देतो. पूर्ण दिवस दिला तर १०० टक्के, अर्धा दिला तर ५० टक्के. दिवस ८ तासांचा धरला, तर दहा दिवस पूर्णवेळ एक माणूस म्हणजे ८० तास. तोच माणूस अर्धवेळ असेल तर ४० तास. इथपर्यंत कुणालाच अडचण येत नाही.

अडचण पुढे आहे. समीकरणात तीन आकडे आहेत आणि तुम्ही एका वेळी एकच बदलता. एक बदलल्यावर समीकरण जुळतं ठेवायला उरलेल्या दोनपैकी एक बदलावाच लागतो. कोणता? सॉफ्टवेअरला हे स्वतःहून कळणं शक्य नाही. ८० तासांच्या जागी तुम्ही १२० लिहिले, तर काम लांबलं असं समजायचं की माणसाने रोज जास्त वेळ द्यायचा असं? टास्क टाइप म्हणजे या प्रश्नाचं तुम्ही आधीच देऊन ठेवलेलं उत्तर. फिक्स्ड युनिट्स, फिक्स्ड ड्युरेशन, फिक्स्ड वर्क, यातलं जे निवडाल तो आकडा सॉफ्टवेअर आपणहून हलवणार नाही.

‘आपणहून’ या शब्दावर जोर द्यायला हवा. ‘फिक्स्ड’ या शब्दामुळे लोकांना वाटतं की त्या आकड्याला कुलूप लागलं. तसं नाही. फिक्स्ड ड्युरेशन असलेल्या कामाचे दिवस तुम्ही स्वतः हवे तेव्हा बदलू शकता. दुसरं काही बदलल्याची प्रतिक्रिया म्हणून दिवस बदलणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मग प्रश्न येतो की ‘फिक्स्ड’ असलेला आकडाच तुम्ही बदललात तर काय हलेल? पुस्तकांत यासाठी नऊ चौकटींचा तक्ता देतात आणि लोक तो पाठ करतात. पाठ करायची गरज नाही. फिक्स्ड नसलेला आकडा बदलला तर फिक्स्ड आकडा जागेवर राहतो आणि तिसरा हलतो. नऊपैकी सहा चौकटी यातच संपल्या. उरलेल्या तीन अशा: फिक्स्ड युनिट्समध्ये युनिट्स बदलले तर दिवस हलतात. फिक्स्ड वर्कमध्ये तास बदलले तरी दिवसच हलतात. फिक्स्ड ड्युरेशनमध्ये दिवस बदलले तर तास हलतात. म्हणजे निवड करायची वेळ आली की हे सॉफ्टवेअर आधी दिवसांना हात लावतं, ते जमत नसेल तर तासांना, आणि युनिट्स शक्यतो तसेच ठेवतं. हा स्वभाव लक्षात आला की बहुतेक कोडी आपोआप सुटतात.

आता यातला सर्वांत महागडा सापळा सांगतो, कारण मी तो प्रत्यक्ष पाहिला आहे. एका डेटा मायग्रेशनच्या कामात बैठकीत तारीख अलीकडे आणायची ठरली. प्लॅन पडद्यावर होता. प्लॅनरने दहा-दहा दिवसांच्या सहा कामांवर ड्युरेशनच्या रकान्यात १० च्या जागी ८ लिहिलं. तारीख आली, सगळे समाधानी. प्रत्येक कामावर एकेक पूर्णवेळ माणूस होता आणि सगळी कामं फिक्स्ड युनिट्स होती. मग काय झालं? युनिट्स जागेवर राहिले, दिवस आपण बदलले, म्हणून तास हलले. ८० चे ६४ झाले. सहा कामांत मिळून ९६ तासांचं काम प्लॅनमधून नाहीसं झालं, आणि सोबत त्याचा खर्चही. मायग्रेट करायचे टेबल तेवढेच होते, पडताळणी तेवढीच होती, एक ओळही कमी झालेली नव्हती. त्यावरच बेसलाइन, म्हणजे पुढे तुलना करायला जपलेली प्लॅनची मूळ प्रत, साठवली गेली. पुढे टीम प्रत्यक्ष तास भरू लागली तेव्हा प्रत्येक काम बजेटबाहेर दिसायला लागलं आणि बोलणी खाल्ली ती काम करणाऱ्यांनी. त्यांचा काहीही दोष नव्हता. ही गोष्ट मला आजही टोचते.

तीच कामं फिक्स्ड वर्क असती तर १० चे ८ केल्याबरोबर माणसावरचा भार १२५ टक्के झाला असता आणि तो ओव्हरअॅलोकेटेड म्हणून लाल दिसला असता. बैठकीतच कुणीतरी विचारलं असतं, ‘हा माणूस रोज दहा तास बसणार आहे का?’ प्लॅनिंग सॉफ्टवेअरचा उपयोग नेमका हा प्रश्न वेळेवर समोर यावा यासाठी आहे. म्हणून ज्या कामाचा अंदाज तुम्ही तासांत मांडला आहे ते काम फिक्स्ड वर्क ठेवा, असं मी आग्रहाने सांगतो. आपोआप मिळणारा टाइप फिक्स्ड युनिट्स आहे, म्हणून तो योग्य आहे असं मानू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे माणूस वाढवण्याकडे. इथे टास्क टाइपच्या जोडीला आणखी एक चेकबॉक्स येतो: एफर्ट ड्रिव्हन. लोक या दोघांची गल्लत करतात. टास्क टाइप हा आकडे बदलण्याचा नियम आहे, तर एफर्ट ड्रिव्हन हा माणसं वाढवण्या-कमी करण्याचा. ती खूण असेल तर कामाचे एकूण तास ठरलेले आहेत, जितके हात येतील तितक्यांत ते वाटून घ्या, असा अर्थ. खूण नसेल तर येणारा प्रत्येक माणूस आपले तास सोबत घेऊन येतो.

आता तुमची तीन कामं बघा. पहिलं एफर्ट ड्रिव्हन होतं. ८० तास दोघांत ४०-४० वाटले गेले, दोघं पूर्णवेळ, म्हणून पाच दिवस. ते फिक्स्ड युनिट्स असो की फिक्स्ड वर्क, उत्तर हेच येतं. दुसरं एफर्ट ड्रिव्हन नव्हतं. दुसऱ्या माणसाने स्वतःचे ८० तास आणले, एकूण १६० झाले, दिवस तेच, खर्च दुप्पट. तिसरं फिक्स्ड ड्युरेशन आणि एफर्ट ड्रिव्हन असं दोन्ही होतं. दिवस हलू शकत नाहीत, तास वाढू शकत नाहीत, मग उरले युनिट्स. दोघं ५० टक्क्यांवर आले.

एकाच फाइलमध्ये तीन वेगळी सेटिंग कशी आली? बहुधा काही ओळी जुन्या फाइलमधून कॉपी केलेल्या असाव्यात. प्रोजेक्टच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत नवीन काम आपोआप एफर्ट ड्रिव्हन असायचं. २०१० पासून ती खूण आपोआप लागत नाही. शिवाय २०१० पासून नवीन काम मुळात मॅन्युअली शेड्यूल्ड म्हणून येतं, ते ऑटो केल्याशिवाय तारखांचं गणित आपोआप चालत नाही. प्रत्येक काम आपली सेटिंग स्वतःसोबत बाळगतं, आणि कॉपी केलं की ती सोबत येतात. ऑप्शन्समध्ये जाऊन डिफॉल्ट बदललंत तरी ते फक्त पुढच्या नव्या कामांना लागू होतं, आधीची कामं जशीच्या तशी राहतात. जुन्या टेम्प्लेटवर उभ्या केलेल्या प्रत्येक प्लॅनमध्ये मला अशी सरमिसळ सापडते.

एफर्ट ड्रिव्हनबद्दल दोन बारकावे आहेत आणि दोन्ही तुम्हाला कधी ना कधी गाठणार. एक, पहिल्या नेमणुकीला हा नियम लागत नाही. दहा दिवसांचं फिक्स्ड युनिट्स काम आहे, त्यावर अजून कुणीच नाही, आणि तुम्ही दोन माणसं निवडून एकाच वेळी नेमली, तर खूण असूनही १६० तास होतात. आधी एक नेमला, ओके केलं, मग दुसरा नेमला, तर ८० राहतात. तीच दोन माणसं, तेच काम, आणि फक्त क्लिकच्या क्रमामुळे ८० तासांचा फरक. म्हणून माझी सवय अशी की आधी कामाचे तास लिहायचे, टाइप फिक्स्ड वर्क करायचा आणि मगच माणसं नेमायची. मग क्रम कोणताही असो, तास हलत नाहीत. दुसरं, फिक्स्ड वर्कमध्ये एफर्ट ड्रिव्हनची खूण काढताच येत नाही, ती करडी होऊन बसते. बरोबरच आहे. एकूण तास पक्के म्हटल्यावर माणूस वाढला म्हणून ते वाढणार कसे?

२०१० पासूनच्या आवृत्त्यांत माणूस वाढवल्यावर त्या ओळीवर एक छोटी खूण उमटते. ती उघडलीत तर सॉफ्टवेअर सरळ विचारतं: दिवस कमी करू, तास वाढवू, की रोजचा भार कमी करू? तुमच्या तीन कामांची तीन उत्तरं तिथे एकाखाली एक लिहिलेली असतात. दुर्दैवाने पुढचा बदल केला की ती खूण निघून जाते आणि बहुतेक लोक ती पाहतही नाहीत.

दोन माणसांचं काम एका माणसाच्या कामासारखं वागत नाही, हेही इथेच सांगतो. कामाचे दिवस सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या नेमणुकीवर ठरतात. समजा एका कामावर एकाचे ८० तास आहेत आणि दुसरीचे ४०, दोघं पूर्णवेळ. दिवस दहा. आता दुसरीला ५० टक्क्यांवर आणलं. तिला पाचऐवजी दहा दिवस लागतील, पण काम आधीच दहा दिवसांचं आहे. स्क्रीनवर काहीच हलत नाही आणि लोक म्हणतात, सॉफ्टवेअर ऐकत नाही. ते ऐकतं. फक्त तुम्ही ज्या नेमणुकीला हात लावलात ती काम लांबवणारी नव्हती. अशा वेळी टास्क युसेज हा व्ह्यू उघडा. तिथे प्रत्येक माणसाचे रोजचे तास दिसतात, आणि गँट चार्टवर (कामं आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या नेहमीच्या तक्त्यावर) न दिसणारं सगळं समजतं.

तिथेच पीक नावाचा रकाना जोडून ठेवा. २०१० पासून नेमताना दिलेले युनिट्स आणि प्रत्यक्षात पडणारा कमाल भार हे दोन वेगळे आकडे झाले आहेत. युनिट्समध्ये १०० दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. तोच माणूस एखाद्या दिवशी १५० टक्क्यांवर असू शकतो आणि ते पीकमध्ये दिसतं.

आता कॅलेंडर. हा भाग टास्क टाइपचा नाही असं वाटतं, पण दिवस आणि तास यांचं रूपांतर इथे होतं, म्हणून समीकरण इथेच बिघडतं. प्रोजेक्ट ड्युरेशन मिनिटांत साठवतं. तुम्ही ‘५ दिवस’ लिहिलं की ऑप्शन्समधल्या ‘एका दिवसाचे तास’ या आकड्याने गुणून ते २४०० मिनिटं करतं, कारण तो आकडा मुळात ८ असतो. पण कामाच्या वेळा ठरतात कॅलेंडरमध्ये, आणि ती वेगळी जागा आहे. कुणी कॅलेंडरमध्ये दिवस ९ तासांचा केला आणि ऑप्शन्समधले ८ तसेच राहिले, तर पाच दिवसांचं काम चार दिवसांत ३६ तास उरकतं आणि पाचव्या दिवशी चार तासांत संपतं. पुढचं काम दुपारी सुरू होतं. असे अर्धे-मुर्धे दिवस साठत जातात आणि दोन महिन्यांनी कुठल्याच तारखेचा मेळ लागत नाही. दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी जुळवून घ्या. बस, एवढंच.

‘माणूस आठ तास बसतो पण काम सहाच तास होतं, बाकी बैठका आणि ईमेल’, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यासाठी युनिट्स ७५ टक्के ठेवावेत. ४० तासांचं काम मग पाचऐवजी साधारण पावणेसात दिवस घेईल, आणि तो अंदाज खरा ठरण्याची शक्यता कितीतरी जास्त. हे सोडून तासच फुगवणारे मी पाहतो, म्हणजे ४० चे ५३ करायचे. तारीख तीच येते, पण खर्च चुकतो आणि पुढच्या वेळी अंदाज करायला खरा आकडा हाताशी राहत नाही.

फिक्स्ड ड्युरेशन कधी वापरायचं? जिथे माणसं वाढवून वेळ कमी होतच नाही तिथे. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला दहा जण आले काय आणि वीस आले काय, प्रशिक्षण दोन दिवसांचंच. तिथे फिक्स्ड ड्युरेशन, आणि एफर्ट ड्रिव्हनची खूण काढलेली. ती खूण राहिली तर सॉफ्टवेअर म्हणेल की सोळा तास वीस जणांत वाटून घ्या, आणि प्रत्येक जण ५ टक्के वेळ वर्गात बसेल. हसण्यासारखं दिसतं, पण असे प्लॅन मंजूर झालेले आहेत. आढावा बैठका, देखरेख, प्रकल्प व्यवस्थापकाचा वेळ, मंजुरीची वाट पाहणं, हे सगळं याच प्रकारात मोडतं. समरी टास्क, म्हणजे अनेक कामांना पोटात घेणारी शीर्षकाची ओळ, तर नेहमीच फिक्स्ड ड्युरेशन असतो, तो बदलता येत नाही. त्याचे दिवस खालच्या कामांवरून ठरतात. त्यामुळे समरीवर माणूस नेमणं टाळा. त्याचे तास पोटातली कामं लांबली-आखडली की सोबत बदलत राहतात.

काँक्रीटचं क्युअरिंग किंवा रंग वाळणं हे याच्याही पुढचं. तिथे माणूसच लागत नाही आणि सुट्टीच्या दिवशीही वाळणं थांबत नाही. तिथे इलॅप्स्ड ड्युरेशन वापरा, म्हणजे आकड्यापुढे ‘दिवस’ऐवजी ‘इलॅप्स्ड दिवस’. मग शनिवार-रविवार आणि रात्रीही मोजल्या जातात. अशा कामावर माणूस मात्र नेमू नका, नाहीतर दिवसाचे २४ तास त्याच्या नावावर चढतात.

फिक्स्ड युनिट्सला मी इतका वेळ बाजूला ठेवलं म्हणून तो टाकाऊ आहे असं नाही. क्षमता ठरलेली असते तिथे तोच योग्य. एकच चाचणी यंत्र आहे, ते पूर्ण वेळ चालतं, १२५ टक्के चालू शकत नाही. किंवा एक तज्ज्ञ तुम्हाला अर्धवेळच मिळालेली आहे आणि त्याहून जास्त मिळणार नाही असं लेखी ठरलं आहे. नमुने वाढले, तास वाढले, तर दिवस वाढायलाच हवेत. या कामांत फक्त एक पथ्य पाळा: ड्युरेशनच्या रकान्याला हात लावायचा नाही, कारण मघाचे ९६ तास तिथूनच गळाले होते.

या प्रकारात कॉन्टूरही, म्हणजे भार दिवसागणिक कसा चढेल-उतरेल त्याचा आकार, जपून वापरा. काम हळू सुरू होतं, मध्ये वेग घेतं आणि शेवटी मंदावतं, म्हणून काही जण नेमणुकीला बेल कॉन्टूर लावतात. बेलमध्ये काळाचे दहा भाग पडतात आणि भार १०, २०, ४०, ८०, १००, १००, ८०, ४०, २०, १० टक्के असा चढतो-उतरतो. सरासरी काढा, ५० टक्के येते. युनिट्स आणि तास तेच ठेवून सरासरी भार निम्मा झाला, म्हणजे दहा दिवसांचं काम वीस दिवसांचं होणार. आकार सुंदर दिसतो, तारीख मात्र दुप्पट लांब जाते.

काम सुरू झाल्यावर समीकरण कशाला लागू होतं, हेही विचारलं जातं. फक्त उरलेल्या भागाला. ८० तासांपैकी ४० झाले, पाच दिवस गेले, आणि आता एफर्ट ड्रिव्हन कामावर दुसरा माणूस आणला. वाटले जातील ते उरलेले ४० तास. दोघांना अडीच दिवस, म्हणजे एकूण साडेसात. पाच नव्हे. उशीर झाल्यावर माणूस आणला की काम निम्म्यावर येईल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासमोर हे गणित मांडा. आणि हा साडेसातचा आकडासुद्धा आशावादी आहे. समीकरण सरळ रेषेत चालतं, नव्या माणसाला काम समजावायला जाणारा वेळ त्याला माहीत नाही. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं. तिघांच्या टीममध्ये आपसात बोलण्याच्या तीन जोड्या असतात, सहा जणांत पंधरा. म्हणून एफर्ट ड्रिव्हन ठेवलंत तरी माणूस वाढवल्यावर शिकवणुकीचे तास वेगळे काम म्हणून जोडा, ते सॉफ्टवेअर तुमच्यासाठी जोडणार नाही. चालू कामात माणूसच बदलायचा असेल तर जुना काढून नवा टाकू नका, असाइन रिसोर्सेसमधलं रिप्लेस वापरा.

तुम्ही पुढेमागे प्रायमाव्हेरा पी-सिक्स या दुसऱ्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरवर गेलात तर एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. तिथे याला ड्युरेशन टाइप म्हणतात, आणि शब्द तेच असून अर्थ वेगळे आहेत. पी-सिक्समध्ये ‘युनिट्स’ म्हणजे एकूण श्रम, आपण इथे ज्याला वर्क म्हणतोय ते. रोजच्या भाराला तिथे ‘युनिट्स पर टाइम’ म्हणतात. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधला फिक्स्ड युनिट्स म्हणजे पी-सिक्समधला फिक्स्ड युनिट्स पर टाइम, आणि पी-सिक्समधला फिक्स्ड युनिट्स म्हणजे इथला फिक्स्ड वर्क. फिक्स्ड ड्युरेशनचे तर तिथे दोन वेगळे प्रकार आहेत, एकात श्रम टिकतात, दुसऱ्यात रोजचा भार. नाव सारखं बघून निवड करणारा प्लॅनर नेमकी उलटी निवड करतो. तिथे कामाला ॲक्टिव्हिटी म्हणतात, आणि ॲक्टिव्हिटी टाइप ही वेगळीच गोष्ट आहे. टास्क डिपेंडंट असेल तर ॲक्टिव्हिटीचं स्वतःचं कॅलेंडर चालतं, रिसोर्स डिपेंडंट असेल तर माणसाचं, आणि लेव्हल ऑफ एफर्ट असेल तर आजूबाजूच्या ॲक्टिव्हिटींवरून तिची लांबी ठरते. देखरेखीच्या कामांना तो प्रकार फार सोयीचा आहे.

टास्क टाइपचं काम क्रिटिकल पाथच्या आधीचं आहे, हेही समजून घ्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्रिटिकल पाथ पद्धत आली ती ‘प्रत्येक कामाला किती दिवस’ हे गृहीत धरूनच. ती पद्धत दिवस घेते आणि तारखा देते. ते दिवस कुठून येतात, हे टास्क टाइप ठरवतो. चुकीच्या दिवसांवर काढलेला क्रिटिकल पाथ कितीही नेटका दिसला तरी चुकीचाच. ज्या कामावर अजून कुणीच नेमलेलं नाही तिथे मात्र टाइपचा काहीच परिणाम नाही, तुम्ही लिहिलेले दिवस जसेच्या तसे पुढे जातात. लेव्हलिंगचा, म्हणजे जास्तीचा भार सॉफ्टवेअरकडून सोडवून घेण्याचा, गोंधळही मला नेहमी ऐकू येतो. लेव्हलिंग भार कमी करत नाही, ते कामं पुढे ढकलतं. १२५ टक्क्यांवर एकट्याच कामात अडकलेला माणूस लेव्हलिंगने सुटणार नाही. तिथे दिवस वाढवा किंवा तास खरोखर कमी करा.

आता तुमची फाइल. आधी एक प्रत काढून ठेवा. गँट चार्टच्या टेबलमध्ये टास्क मोड, टाइप, एफर्ट ड्रिव्हन आणि वर्क हे चार रकाने जोडा आणि टाइपनुसार ग्रुप करा. सरमिसळ लगेच दिसेल. एकाच स्वभावाची कामं निवडून टास्क इन्फर्मेशनच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये टाइप एकदम बदला. नुसता टाइप बदलल्याने एकही आकडा हलत नाही, तो फक्त पुढच्या बदलांना लागू होतो, त्यामुळे हे निर्धास्तपणे करता येतं. त्यानंतर स्क्रीन दुभागून खाली टास्क फॉर्म उघडा. तिथे केलेले बदल ओके दाबल्यावरच गणितात जातात, म्हणजे काय बदलतोय हे आधी बघता येतं. एका वेळी एकच आकडा बदला, आणि वर ज्या चौकटींचा रंग पालटला त्या बघा. तेवढीच कामं हललेली असतात.

तुमच्या पहिल्या कामाला हात लावायची गरज नाही, ते खरंच दोघांत वाटता येण्यासारखं असेल तर. तिसऱ्यात दोघं रोज अर्धा दिवस देणार आहेत का, हे त्या दोघांनाच विचारा. नसतील, तर टाइप फिक्स्ड वर्क करून दोघांचे युनिट्स १०० करा, पाच दिवस येतील. दुसऱ्या कामात खरा निर्णय आहे. दुसरा माणूस हातभार लावायला आला असेल, तर टाइप फिक्स्ड वर्क करा आणि वर्कमध्ये १६० च्या जागी ८० लिहा, दोघांचे ४०-४० होऊन दिवस पाच होतील. पण दोघं मिळून दहा दिवस लागणारच असतील, तर १६० च बरोबर आहेत आणि चूक पहिल्या अंदाजात होती. मग तो वाढीव खर्च लपवू नका, मंजुरीसाठी मांडा. बेसलाइन आधीच साठवली असेल तर ती पूर्ण प्रकल्पासाठी पुन्हा साठवू नका. फक्त दुरुस्त केलेली कामं निवडून ‘सिलेक्टेड टास्क्स’साठी साठवा, म्हणजे बाकीच्या कामांची मूळ तुलना शाबूत राहील.